अध्यक्षांची खुर्ची

केतकीच्या पत्राला नरहरपंतांनी उत्तर दिलंच नव्हतं. कला-व्यवस्थापन शिकणाऱ्या त्या मुलीने परीक्षेसाठी काव्यवाचन आखलं होतं आणि या म्हाताऱ्या कवीला अध्यक्ष व्हायला विनवलं होतं. भाषणाच्या धास्तीने हो म्हणवेना, भिडेपोटी नाहीही म्हणवेना.

आता ते मफलरीत तोंड लपवून शेवटच्या रांगेत बसले होते. मंचावरच्या रिकाम्या खुर्चीवर तिने त्यांच्यासाठी आणलेली शाल होती.

“अगं, दुसरं कुणी बसव! गुण जातील तुझे,” तिचे सर खेकसले.

“ते नाही कुठे म्हणालेत, सर? येतील.”

नरहरपंत जागचे उठलेच नाहीत. खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

सकाळी त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं, ‘मी शेवटच्या रांगेत होतो. चूक माझी. सरांना दाखव.’ आणि कुणालाही वाचता येईल असं ते उघडंच पेटीत टाकलं.