करपलेला पत्रा

दोन दिवस बहिणीकडं बिडकीनला राहून अप्पाराव कामावर आला आणि टेबलावरचे पत्रे बघून दारातच थांबला. पत्रे घासलेल्या ताटांसारखे लखलखत होते.

जाण्याआधी भट्टीतून काढून त्यानं ते टेबलावर मांडले, तेव्हा ते निळसर काळे होते. तसेच असायला हवे होते. चिकलठाण्याच्या त्या लहानशा कारखान्यात ट्रान्सफॉर्मरचे कोअर बनायचे. निकेल घातलेल्या लोखंडाचे पातळ पत्रे एकावर एक रचायचे, आणि प्रत्येकाच्या अंगावर ती निळसर काळी साल. भट्टीत वाफ सोडली की ती पत्र्याच्या अंगातूनच धरते. साल आहे तोवर वीज आपापल्या पत्र्यात राहते. साल गेली की ह्यातली त्यात जाते, कोअर तापतो आणि भंगारात निघतो. ती नेमकी कधी धरली, हे शेडमध्ये एकट्या अप्पारावला कळायचं. एकवीस वर्षं कळत होतं, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणाला कळावं अशी त्याची फारशी इच्छाही नव्हती. भट्टीपाशी कुणी रेंगाळलं की तो हुसकून लावायचा. सुनेलासुद्धा.

सून म्हणजे करुणा. मुलाचं, सुयशचं, काम सुटलं तेव्हा अप्पारावनंच मालकांकडं शब्द टाकून तिला पॅकिंगला लावलं होतं. ही ऑर्डर नीट गेली की तिला कायम करू, असं मालक म्हणाले होते. दसऱ्याला बुद्ध लेणीवर वंदनेला जायचं ते हीच बातमी घेऊन, असं घरात ठरूनही गेलं होतं. आणि दसरा उद्यावर आला होता.

करुणा लगबगीनं पुढं आली. दोन्ही हातांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, पण चेहरा खुललेला.

"कुणी सांगितलं तुला हे?" अप्पारावनं विचारलं.

"कुणी नाय." तिनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "मामा, तुमच्या हातनं करपले होते ते. तुम्हाला अलीकडं नीट दिसंना, मला ठाव हाय. आज मॅडम तपासायला येणार. म्हणलं, त्यांनी बघायच्या आत घासून टाकावं. तुमचं नाव जायला नगं."

डोळ्यांचं त्यानं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. हिनं कधी ओळखलं कोण जाणे. खंडेनवमीची साफसफाई चालू होती, जो तो आपापलं मशीन पुसण्यात दंग, तेवढ्यात ही बाई कोपऱ्यात पॉलिश पेपर घेऊन बसली होती. तीनशे पत्रे, दोन्ही बाजूंनी. करपलेलं पातेलं घासावं तसे तिनं ते घासले होते, आणि का घासतेय ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

अप्पाराव स्टुलावर बसला. रागवावं म्हटलं तर राग येईना. त्यानं भट्टीकडं बघितलं. भट्टी पूजेसाठी थंड करून धुतलेली, तिच्या दारावर झेंडूची माळ. पेटवली तरी तापायला दोन दिवस. आणि तापूनही काय करणार? घासून घासून पत्र्यांना बाक आला होता, जागोजाग ओरखडे पडले होते. गिऱ्हाइकाची गाडी तर फाटकाशी येऊन उभी होती.

तेवढ्यात संध्या मॅडम आल्या. माल पास करणं त्यांचं काम. त्यांनी दोन पत्रे एकावर एक ठेवले, वर एक आणि खाली एक अशी मीटरची टोकं टेकवली. सालीचा माल असला की मीटर गप्प राहतं. आज ते वाजलं. त्यांनी दुसरी जोडी घेतली, मग ढिगाच्या तळातली तिसरी. मीटर वाजतच राहिलं.

"हे कुणी घासलं?" मॅडमनी विचारलं.

करुणा तोंड उघडणार तोच अप्पाराव उठला. "मी सांगितलं घासायला."

"अप्पाराव, तुम्ही?"

मॅडमचा विश्वास बसला नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण विश्वास बसो न बसो, रिपोर्ट काही बदलत नव्हता. करुणाच्या बोटांवरच्या चिंध्यांकडं बघून, मग दोघांचीही नावं द्यावी लागतील, असं म्हणून त्या मालकांना फोन लावायला बाहेर गेल्या.

करुणा गोंधळून गेली होती. "घासल्यालं वळखलं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "करपल्यालं लपलं नाय म्हणायचं. माझंच काम कच्चं राहिलं, मामा."

अप्पारावला तिला सांगायचं होतं. साल म्हणजे काय, ती कशानं धरते, कशासाठी लागते, सगळं. पण एकवीस वर्षांत जे कधी कुणाला सांगितलं नाही, ते आता कुठून सुरू करायचं हेच त्याला सुचेना. सांगावं तर पोरीच्या जिवाला जन्माचा घोर. न सांगावं तर तासाभरात मालक येऊन सांगणारच होते.

करुणानं दाराकडं बघून घेतलं. मग खुंटीवरची आपली डब्याची पिशवी काढली, आत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक पत्रा त्याच्या हातात दिला. तो निळसर काळा होता. या काठापासून त्या काठापर्यंत सारखा, कुठं ओरखडा नाही, कुठं डाग नाही.

"ह्यो तेवढा राहिला," ती म्हणाली. "ह्यो लई करपला होता, काय केल्या निघंना. म्हणून लपवला. मॅडमनी बघितला नाय ना?"

अप्पारावनं पत्रा डोळ्यांजवळ नेला, मग सदऱ्याच्या आत पोटाशी धरला.

"नाय," तो म्हणाला. "कुणीच नाय बघितला."