मुळातून वाचन

ॲब्सर्ड नाटकात काहीच घडत नाही आणि त्यातच त्याची थोरवी आहे, असं नाटक शिकवणारे प्राध्यापक वर्गात गंभीरपणे सांगत. सांगणं भागच होतं. महायुद्धानंतरची ती सगळी फ्रेंच नाटकं त्यांनी अनुवादातून वाचली होती, आणि अनुवादात खरोखरच काही घडत नव्हतं.

आत्ता, शुक्रवारी संध्याकाळी, ते बायकोला घेऊन फ्रेंचच्या सरांकडे चहाला आले होते. पुस्तकांच्या कपाटासमोर उभं राहून त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. या गृहस्थाने ती नाटकं मुळातून वाचलेली. कुठेही परिसंवाद असो, बीजभाषण यालाच. वर प्राध्यापकांची बायको, जेमतेम दोन वर्षं फ्रेंच शिकलेली, दर गुरुवारी इथे सरांच्या पुस्तकातून मूळ नाटक वाचायला येई आणि गालातल्या गालात हसत घरी परते.

“एवढं आहे तरी काय त्यात?” काल त्यांनी विचारलंच.

“तिसरा अंक संपला आज. अहो, ते सांगून नाही कळायचं. मुळातूनच वाचायला हवं.”

ती कोणाबरोबर हसते, याचं त्यांना काहीच नव्हतं. ती आपल्याआधी मुळापर्यंत पोहोचली, हे मात्र जिव्हारी लागलं.

स्वयंपाकघरात सर म्हणाले, “साखर त्या वरच्या…” तोवर बायकोने डबा काढलासुद्धा. प्राध्यापकांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना ते नाटक सापडलं होतं. हीच ती प्रत. दुसरीसाठी त्यांनी शहरातली ग्रंथालयं पालथी घातली होती.

जुनी आवृत्ती. फ्रान्समध्ये पूर्वी पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच येत. वाचणाऱ्याने सुरीने एकेक कापत पुढे जायचं. प्राध्यापक चाळायला गेले, तर बोट आत शिरेना. पहिला अंक बंद. दुसरा बंद. सगळं पुस्तक छापखान्यातून आलं तसंच, कोरं करकरीत.

त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतक्या वर्षांची पोटदुखी जागच्या जागी थांबली. दोघं ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा त्यांनी पुस्तक उंच धरलं.

“अगं, हे बघ! सुरीसुद्धा लागलेली नाही! एक पान वाचलेलं नाही या लबाडाने!”

सरांनी ट्रे टेबलावर ठेवला. बायकोने पुस्तक त्यांच्या हातातून घेऊन परत कपाटात सरकवलं.

तिसरा अंक कालच संपला होता.