दुसरं ताट

क्लेमांसबाईंनी टेबलावर दुसरं ताट मांडलं, शेजारी चमचा ठेवला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून त्या बसल्या. कॅमेरा चालू होता. त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात अकरा माणसं उभी होती आणि एकाचाही श्वास ऐकू येत नव्हता. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबा पवित्र भाकरी वर उचलतात तेव्हा असते, तसली शांतता.

दिग्दर्शक फिर्मां लोनुआ कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला उभा होता. त्याला काहीच वाटत नव्हतं.

खरं तर वाटायला हवं होतं. सकाळीच निर्माते दोर्व्हाल यांनी त्याला बाहेर बंदराच्या धक्क्यावर गाठलं होतं. "हे बघा फिर्मां, मागचे दोन्ही चित्रपट पडले. लोकांना तुमच्याकडून ते ताट हवंय. सोळा वर्षांपूर्वी दिलंत, तसंच. तेव्हाच्या त्या म्हातारीलासुद्धा शोधून आणलंय मी. तेवढं द्या, नाहीतर हा तुमचा शेवटचा चित्रपट समजा." फिर्मांने मान डोलावली होती, एखाद्याने हवापाणी सांगावं आणि आपण हं म्हणावं तशी.

ते ताट. सत्तेचाळीस साली, फ्रान्सच्या याच द्येप बंदरात, अशाच एका कोळ्याच्या घरात त्याने पहिला चित्रपट केला होता. युद्धात जर्मनांनी कामाला ओढून नेलेल्या मुलाची आई रोज त्याचं ताट मांडते आणि शेवटी एक दिवस दार उघडून मुलगा आत येतो, अशी गोष्ट. गोष्ट कसली, घरचंच होतं. त्याचा धाकटा भाऊ ओक्ताव्ह तसाच नेला होता, आणि तो अजून परतला नव्हता. आईचं काम क्लेमांसबाईंचंच. ताटाचा शॉट होता वीस सेकंदांचा. दाराचा शॉट जेवणानंतर घ्यायचा होता.

त्या दिवशी कॅमेरा सुरू झाला आणि कुणीतरी मागून त्याच्या हातात सरकारी पाकीट सरकवलं. त्याने ते उभ्याउभ्याच फोडलं. ओक्ताव्ह दोन वर्षांपूर्वीच गेला होता. कारखान्याच्या छावणीत, तापाने.

'कट' हा शब्द त्याच्या तोंडून फुटेना. आणि सेटवरचा नियम असा, की तो शब्द दिग्दर्शकानेच उच्चारायचा. छत कोसळलं तरी दुसऱ्या कुणी नाही. तेव्हा सगळे उभे राहिले, बाई बसून राहिल्या आणि चार मिनिटांनी रीळच संपलं. फिर्मांने कागद खिशात घातला आणि जेवणाची सुट्टी दिली. दाराचा शॉट त्याने घेतलाच नाही. का, ते कुणाला सांगितलं नाही. रडलाही नाही.

चित्रपट ताटावरच संपला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. केवढा संयम, केवढं मौन! मग प्रत्येक चित्रपटात कुणाची तरी वाट बघणारं काहीतरी आलं, कधी अंथरूण, कधी खुंटीवरचा कोट. फिर्मां कॅमेऱ्याशेजारी मुका उभा राही, रीळ संपे, आणि लोक म्हणत, याची समाधी लागते. समाधी कसली. आत कुठेतरी एक दार लागलं होतं, आणि ते त्याला सापडत नव्हतं, एवढंच.

आताही रीळ फिरत होतं. एक मिनिट झालं. दोर्व्हालनी घड्याळ पाहिलं आणि समाधानाने हाताची घडी घातली.

तेवढ्यात क्लेमांसबाईंनी खुर्चीवरची नजर काढली आणि फिर्मांवर ठेवली.

"ये रे. सूप निवतंय."

"बाई, इथे संवाद नाहीये," दोर्व्हाल दात आवळून म्हणाले.

"माहितीय हो. तुम्ही जरा गप्प उभे राहा. मी पोराशी बोलतेय."

"मालक?" कॅमेरामन बास्तियाँने कॅमेऱ्यावरून डोळा न हलवता हळूच विचारलं. फिर्मांने 'कट' म्हटलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. बास्तियाँने कॅमेरा चालू ठेवला.

"पेपरवाल्यांनी लिहिलं, क्लेमांसला रिकाम्या खुर्चीत मेलेला मुलगा दिसतो," बाई म्हणाल्या. "मला मूल ना बाळ, मला कुठला मुलगा दिसणार? त्या दिवशी मी खुर्चीकडे बघतच नव्हते. तू तो कागद वाचत होतास, तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, आज नाही तर उद्या बोलेल कुणाशी तरी. सोळा वर्षं झाली की रे."

त्या उठल्या. चुलीवरच्या भांड्यात पळी घातली आणि दुसरं ताट भरलं. आजवर एकाही चित्रपटात ते कुणी भरलं नव्हतं.

"बस. त्याचं तू जेव."

जमिनीवर खडूची रेघ होती. तिच्या अलीकडे काम करणारे, पलीकडे नट. फिर्मांने ती ओलांडली तेव्हा बुटाने थोडी पुसली गेली. उजेड डोळ्यांवर आला. तो ओक्ताव्हच्या खुर्चीत बसला आणि त्याने एक चमचा तोंडात घातला.

"मीठ नाही," तो म्हणाला.

"कोण जेवणार होतं म्हणून घालू?"

त्याने दुसरा चमचा घेतला. तो खारट लागला. तिसराही.

रीळ संपायला अजून दीड मिनिट होतं. फिर्मांने चमचा खाली ठेवला, बाहीने तोंड पुसलं आणि म्हणाला, "कट."