बेटाचा अर्ज

लातूरहून पर्यटनाचे साहेब आले, ते गुळाच्या काहिलीत बसून, गोल फिरत. धरणाच्या पाण्यानं वेढलेल्या गावाला दुसरी नाव नव्हती. पर्यटनस्थळाचा शिक्का मिळाला, तरच सरकारी बोट येणार होती. सरपंच धुरपताबाई ऐटीत बेट दाखवू लागल्या. “इतिहास लई मोठा हाय. धरणात बुडणार म्हणून गाव नकाशातून काढलं. गाव न्हाई बुडलं, नकाशाच चुकला. ही शाळा. हजेरी शंभर टक्के. पोरं पळतील कुठं?” साहेब हसले, मग अर्जावर अडले. “बाई, इथं ‘समुद्रकिनारा’ लिहिलंय. समुद्र कुठंय?” अर्जात बेटासाठी दुसरा रकानाच नव्हता, पण धुरपताबाई सबबी सांगणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी काठावरून तांब्या भरला. “प्या. खारट हाय?” “नाही, गोड.” “आमच्या समुद्रात तेवढी सुधारणा केली हाय.” साहेबांनी तांब्या रिकामा करून शेरा लिहिला: ‘समुद्र आढळला. गोड आहे.’