पेट्रोल संपलं

तात्यांनी पेट्रोलचा डबा कानाशी धरून हलवला. डुचमळलं नाही; डबा तोंडापर्यंत भरलेला होता. मग त्यांनी तो मोटारसायकलच्या मागं सुंभानं आवळला.

“टाकी?” गिरजानं विचारलं.

“तीही भरलीय.”

“मागच्या खेपेलाही भरली होती.”

“घाटाकडचा रस्ता आहे, बाळ. गाडी जास्त पिते.”

“मग डब्यातलं का नाही ओतत?”

“तो खऱ्या अडचणीसाठी,” तात्या म्हणाले आणि भाकरीचं फडकं तिच्या हातून घेऊन निघाले. मागच्या सीटवर पट्टेवाला धाऊ बसला होता.

शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत पोरांना देवीची लस टोचत हिंडण्यात तात्यांचा जन्म गेला होता. लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल मापानं मिळे, तरी जादा डब्याशिवाय ते निघत नसत. आणि एवढं करूनही खेड्यात शिरायचे ते गाडी ढकलतच. शहापूरच्या बाजारात त्यांना ‘ढकलडॉक्टर’ म्हणत. त्यांची लेक गिरजा तिथल्याच दवाखान्यात नर्स होती. “काय बाई, काल कुठं संपलं?” असं कुणी विचारलं की ती मान वळवून चालू लागे.

त्या दिवशी वैशाखरे गावच्या चढावर गाडी ढकलता ढकलता तात्या खाली बसले, ते उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीतून घरी आले.

समाचाराला कचेरीतले लोक आले. “चांगला माणूस,” हेडक्लार्क म्हणाले. “पण पेट्रोल संपलं म्हणून जावं? पुरेसं घ्यायला नको?” कुणीतरी हसू दाबलं. गिरजानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं जरा जोरात ठेवला. कसे गेले असं विचारणाऱ्याला ती ‘हृदय बंद पडलं’ एवढंच सांगे. ‘पेट्रोल संपलं’ हे दोन शब्द तिच्या तोंडून कधी निघाले नव्हते, आणि निघू द्यायचे नाहीत असं तिनं ठरवलं होतं.

लोक पांगल्यावर तिनं धाऊला उभं केलं.

“टाकी भरलेली. डबा भरलेला. गेलं कुठं?”

“मी नाय इकलं, ताई.”

“मग कुणी विकलं?”

धाऊ खांबाचे टवके नखानं काढत राहिला.

“तू तिथं होतास. साठीचा माणूस गाडी ढकलतोय आणि तू मागून हात हलवत चालतोयस?”

“साहेब हात लावू द्यायचे नाय.”

“वा,” गिरजा म्हणाली. “मेलेल्या माणसावर काहीही खपतं.”

तेरावा झाल्यावर गाडी आणायला ती स्वतः निघाली. धाऊनं लशीची पिशवी खांद्याला लावली.

“ती कशाला? मी टोचायला नाही चालले. जाब विचारायला चालले आहे.”

“ऱ्हाऊ द्या बरोबर. ताजी हाय.”

मुरबाडपर्यंत सर्व्हिस मोटार होती, पुढं बैलगाडी. काय बोलायचं ते तिनं सगळं वैशाखऱ्यासाठी राखून ठेवलं होतं.

गाडी हौसाच्या खळ्यावर पेंढ्याखाली झाकून ठेवली होती. हौसा म्हातारी, गावात तिचा शब्द चाले. तिनं पेंढा बाजूला केला. गिरजानं डबा उचलायला हात घातला आणि तिचा हात खाली ओढला गेला. डबा जड होता. सुंभाची गाठ तात्यांचीच होती. तिनं टाकीचं झाकण फिरवलं. आत अर्ध्याच्या वर पेट्रोल डुचमळत होतं.

“कुणी भरलं हे?”

“कोनी हात नाय लावला, बाय.”

गिरजानं धाऊकडं पाहिलं. धाऊ खाली बघून बोलला, “साहेब वेशीखाली पेट्रोलचा खटका बंद करायचे. गाडीचा आवाज आला की हितली मानसं पोरं रानात लपवीत. म्हनून गाडी बंद पडली असं दाखवून ढकलत यायचे. लोक पानी घेऊन धावत, पोरं गाडी बघाया जमत. मग टोचायचे. मला म्हनायचे, दोघं ढकलायला लागलो तर दमल्यासारखं दिसनार नाय. कोनाला सांगू नको म्हनून शपथ घातली व्हती.”

गिरजानं टाकीचं झाकण घट्ट फिरवलं. ती हौसाकडं वळली.

“ऐकलंत? तुमची पोरं वाचवायला त्यांना सोंग करावं लागलं. त्या सोंगात जीव गेला त्यांचा. आणि तुम्ही त्यांना हसत होतात.”

“हसायचो तर,” हौसा म्हणाली. “सोंगच लई वाईट करायचे. पाठीला डबा बांधलेला, टाकीत डुचमळतंय, आन् म्हनं संपलं. आमाला काय डोळे नाय?”

“तुम्हाला माहीत होतं?”

“साऱ्या गावाला.”

“मग सरळ का नाही टोचून घेतलंत?”

“आपल्या हातानं पोर सुईखाली धरलं तर शितळाआई कोपते गो. पन दारी अडलेला पावना आला आन् त्याच्या शब्दाला नाय म्हनलं, तर ती त्याहून कोपते. त्यांचं सोंग आमच्यापायी, आमचं आईपायी.” तिनं पदर तोंडाला लावला. “त्या दिशी पोरांना न्हाऊ घालून बसवली व्हती. गाडीचा आवाज खाली बंद झाला, तो आमी ऐकला. साहेब वर आलेच नाय.”

खळ्याच्या कडेला त्या दिवशी टोचायची राहिलेली पोरं उभी होती. उघडे दंड, टोचल्याची एकही खूण नाही. गिरजा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं हँडल धरलं.

“मी आनतो, ताई.”

“हात लावू नकोस,” ती म्हणाली.

गाडी घेऊन ती उतारानं वेशीच्या दगडापलीकडं गेली आणि तिथून वळून चढ चढू लागली. टाकीतल्या पेट्रोलचं, भरल्या डब्याचं ओझं मनगटात आलं. वर पोचली तेव्हा छातीचा भाता झाला होता. खळं रिकामं होतं. हौसाचं दार ओढून घेतलेलं होतं.

“कोन हाय गो?” आतून हौसानं विचारलं, अगदी अनोळखी आवाजात.

गिरजानं पदरानं घाम पुसला.

“वाटसरू आहे, मावशी,” ती साऱ्या आळीला ऐकू जाईल अशी म्हणाली. “पेट्रोल संपलं.”