वाहून आलेली माती

राहीचं नाचणीचं शेत डोंगरउतारावर होतं आणि पायथ्याला तिच्या दिराचं, धाकलूचं भातखाचर. पावसात तिची माती वाहून त्याच्या खाचरात बसायची. वैशाखात खालच्यानं ती पाट्या भरून वरच्याला परत द्यायची, ही गावाची रीत. कुळकायद्यात खाचर नावावर झालं तसा धाकलू फिरला. "पावसानं आनून दिली, ती माझी!" म्हणत त्यानं माती न्यायला आलेल्या राहीचं मनगटच फावड्याच्या दांड्यानं मोडलं. श्रावणात आभाळ फुटलं, खाचराच्या बांधाला भगदाड पडलं आणि आतली माती रेवदंड्याच्या खाडीकडे धावली. धाकलूनं भगदाडात उडी टाकून पाठीनं पाणी अडवलं, पण तो चिखलात छातीपर्यंत रुतला. ओरडला, "वैनी, माती टाक! बांध जातोय!" राही वाकड्या मनगटानं पाटी भरून आली आणि त्याच्या डोक्यावरच तिनं ती उपडी केली. "घ्या भावजी, ही पन तुमचीच." मग दुसरी पाटी भरायला वळली.