वेगाचा काटा

स्टेअरिंग बसलं, वायरिंग झाली, आता वेगाचा काटा तेवढा तपासायचा होता. दोरीनं माणसाला पाण्यावर ओढणाऱ्या जुन्या स्की बोटीच्या बुडाशी एक बारीक नळी उघडी असते. बोट पळाली की तिच्यात पाणी दाबानं शिरतं आणि काटा चढतो. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या मुंजाजी मिस्तरीनं आपल्या अंगणातल्या बोटीखाली शिरून नळीत फुंकर मारली.

"चढला, बराबर," वरून बोटीचा मालक शिवहार म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आता बस करा की मिस्तरी."

मुंजाजीनं नळी केव्हाच सोडली होती.

तो वर चढला. काटा चढत होता, उतरत होता. दोनदा आखूड, मग एकदा लांब. ही धाप त्याच्या ओळखीची होती. समोर ओसरीत खाटेवर त्याची बायको आशाबाई तीन महिन्यांपासून अशीच श्वास घेत होती.

खाली येऊन त्यानं नळीच्या तोंडावर अंगठा दाबला. आशाबाई छाती धरून ताडकन उठून बसली. त्यानं अंगठा काढला, तशी ती खोकत आडवी झाली.

"आज बोट नेऊ नका," तो म्हणाला.

"काहून?"

मुंजाजीनं ओसरीतल्या खाटेकडं पाहिलं. शिवहारनं ट्रॅक्टर जोडला आणि बोट धरणाकडं नेली.

मुंजाजी खाटेपाशी बसून राहिला. तासाभरानं फोन आला.

"मिस्तरी, बोट पाण्यात सोडून राहिलो. बूड पाण्याला टेकलं बघा."

आशाबाईनं श्वास आत घेतला. तो बाहेर यायची मुंजाजी वाट पाहत राहिला.